शेवटच्या डेस्कवरून चायकॉव्स्की आणि एल्गार

मँचेस्टरच्या दक्षिणेकडच्या एका उपनगरातील हौशी वाद्यवृंदात मी दुसऱ्या व्हायोलिनांच्या विभागात, अगदी शेवटच्या डेस्कवर बसते. डेस्क म्हणजे दोन वादकांत मिळून एक स्टँड. पान उलटायची वेळ आली की श्रोत्यांच्या बाजूचा वादक वाजवत राहतो आणि आतल्या बाजूचा गज थांबवून पान उलटतो. मी आतल्या बाजूला असते. आमच्यात डॉक्टर आहेत, शाळांत शिकवणारे आहेत, निवृत्त अभियंते आहेत. कंडक्टर मात्र व्यावसायिक असतो आणि कन्चेर्टो, म्हणजे एकल वादक आणि वाद्यवृंद यांची रचना, असेल तर सोलो वादक मानधन देऊन बाहेरून बोलावला जातो. आठवड्यातून एका संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये तालीम, मध्ये चहा-बिस्किटे आणि काही महिन्यांच्या तयारीनंतर शनिवारी एकच जाहीर कार्यक्रम, असा आमचा क्रम. या हंगामाच्या कार्यक्रमात पूर्वार्धात रशियन संगीतकार चायकॉव्स्कीचा व्हायोलिन कन्चेर्टो आणि उत्तरार्धात इंग्लिश संगीतकार एल्गारची पहिली सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना, होती. त्या तयारीत आणि कार्यक्रमात मला जे उमगले, ते लिहून ठेवावेसे वाटते.

या दोन्ही रचना आमच्या शहराशी घट्ट बांधलेल्या आहेत. चायकॉव्स्कीने हा कन्चेर्टो १८७८ च्या वसंत ऋतूत स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हा सरोवराच्या काठच्या क्लारां येथे लिहिला. विवाहाच्या आपत्तीतून तो नुकताच सावरत होता आणि योसिफ कोटेक हा तरुण व्हायोलिनवादक मित्र त्याच्या मदतीला होता. रचना अर्पण केली होती ती लिओपोल्ड आउअर या पीटर्सबर्गच्या नामांकित वादकाला. पण आउअरने ती वाजवायचे टाळले. अखेर अडोल्फ ब्रॉड्स्की याने ४ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नात हान्स रिख्टरच्या संचालनाखाली ती पहिल्यांदा वाजवली. समीक्षक हान्सलिकने तेव्हा लिहिलेली निंदा आजही प्रसिद्ध आहे; या संगीताची दुर्गंधी कानाला येते, अशा आशयाचे ते वाक्य चायकॉव्स्कीला म्हणे पुढे कित्येक वर्षे तोंडपाठ होते. ब्रॉड्स्कीने मात्र ही रचना सोडली नाही. चायकॉव्स्कीने कृतज्ञतेने अर्पणपत्रिकाच बदलून त्याच्या नावे केली. हाच ब्रॉड्स्की १८९५ मध्ये मँचेस्टरला आला, आधीचा प्राचार्य चार्ल्स हॅले याच्या निधनानंतर इथल्या संगीत महाविद्यालयाचा प्राचार्य झाला आणि १९२९ मध्ये याच शहरात त्याचा मृत्यू झाला. कन्चेर्टोचे पहिले संचालन करणारा रिख्टरही १८९९ पासून १९११ पर्यंत इथल्या हॅले वाद्यवृंदाचा संचालक होता आणि एल्गारची पहिली सिंफनी त्यानेच ३ डिसेंबर १९०८ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये पहिल्यांदा सादर केली. एल्गारने ती अर्पणही रिख्टरलाच केली आहे. फ्री ट्रेड हॉलच्या जागी आता हॉटेल आहे आणि हॅले १९९६ पासून ब्रिजवॉटर हॉलमध्ये वाजवते. तरी त्या भागातून ट्राममधून जाताना मी प्रत्येक वेळी मान वळवून पाहते.

मी मूळची सांगलीची. लहानपणी व्हायोलिन शिकले ते आपल्या पद्धतीने: मांडी घालून बसायचे, वाद्याचे टोक पायावर टेकवायचे, तारा षड्ज-पंचमात लावायच्या आणि डावा हात मोकळा ठेवून मींड घ्यायची. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार ही आमच्या घरातली देवघरातल्यासारखी नावे होती. पाश्चात्त्य पद्धतीची बैठक, हनुवटीखाली वाद्य धरणे आणि लिपी वाचणे हे सगळे मी मोठेपणी, परदेशात आल्यावर शिकले. म्हणून वाद्यवृंदात बसताना माझ्या मनात दोन्हीकडचे हिशेब एकाच वेळी चालू असतात. एकल वादकाच्या मागे कसे वाजवायचे, हा प्रश्न आपल्याकडे तबलजी आणि साथीदार यांचा. इथे तोच प्रश्न साठ-सत्तर माणसांनी मिळून, प्रत्येक स्वर कागदावर लिहिलेला असताना सोडवायचा असतो.

पहिल्या तालमीला लायब्ररीतून भाड्याने आणलेल्या प्रती वाटल्या गेल्या. या प्रती म्हणजे एक वेगळेच जग असते. कन्चेर्टोच्या माझ्या प्रतीवर आधीच्या किती वादकांच्या पेन्सिली फिरल्या होत्या कोण जाणे: कुठे चष्म्याचे चित्र, म्हणजे इथे कंडक्टरकडे पाहा; कुठे अप-बो, डाउन-बोच्या, म्हणजे गज कोणत्या दिशेने ओढायचा याच्या, खुणा खोडून उलट केलेल्या; आणि तिसऱ्या भागात जागोजागी मोठे कंस, त्यांवर जाड अक्षरांत ‘काट’ असा शेरा. हे कंस आउअरच्या परंपरेतून आलेले. त्याने पुढे ही रचना स्वीकारली, पण शेवटच्या भागात पुन्हा पुन्हा येणारे काही तुकडे गाळून, आणि त्याच्या शिष्यांनी ती काटछाट जगभर नेली. आमच्या कंडक्टरने पहिल्याच दिवशी सांगितले की आपण चायकॉव्स्कीने लिहिलेले सर्व वाजवणार आहोत, तेव्हा सगळ्यांनी खोडरबर काढा. मला हा निर्णय मनापासून पटला. तीच ओळ तिसऱ्यांदा येते तेव्हा नाचाचा वेग अंगात भिनलेला असतो आणि पुनरावृत्ती हेच त्या भागाचे बळ आहे. आवर्तने कापली तर सतारीवरचा झाला नीट उभा राहील का?

तालमींतला सर्वांत अवघड धडा हळू वाजवण्याचा होता. कन्चेर्टोची सुरुवात पहिली व्हायोलिने एकटीच करतात, एक साधी, जवळजवळ निरागस धून. मग एकेक विभाग जोडला जातो, ताण वाढत जातो आणि तो शिखरावर पोचण्याआधीच ओसरून सोलो व्हायोलिनला वाट करून देतो. तिथून पुढे बराच काळ आमचे काम म्हणजे तुटक, हलके स्वर, कुठे नुसता पिझिकाटो, म्हणजे गजाऐवजी बोटाने छेडलेली तार. सर्व वाद्यवृंद मिळून पोलोनेझ या पोलिश नाचाच्या ठेक्यात गरजतो तो भाग सगळ्यांनाच आवडतो आणि तो घरी सराव न करताही बरा वाजतो. पण खरी तयारी लागते ती त्या चार हलक्या स्वरांसाठी. गजाच्या टोकाजवळ, तारेला जेमतेम स्पर्श करत, आणि तरीही सूर नेमका. कंडक्टर सारखे म्हणत, “सोलो वादक तुम्हाला ऐकू येत नसेल तर तुम्ही मोठे वाजवताय.”

त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनात घर करून राहिली. व्हिएन्नातल्या त्या पहिल्या प्रयोगाआधी पूर्ण वाद्यवृंदाची एकच तालीम मिळाली होती आणि प्रतींमध्ये इतक्या चुका होत्या की ती तालीम दुरुस्त्या करण्यातच गेली. म्हणून वादकांनी ठरवले की सगळी साथ अगदी हळू करायची, म्हणजे काही बिघडले तरी ब्रॉड्स्कीला धक्का लागू नये. तिथे अपघाताने जे झाले ते आम्हाला जाणूनबुजून, प्रत्येक स्वराची खात्री असताना करायचे होते. दोन्हींत फार अंतर आहे. भीतीने हळू वाजवलेला स्वर कोरडा असतो. खात्रीने हळू वाजवलेल्या स्वरावर सोलो वादक टेकू शकतो.

मागे बसणाऱ्यांची आणखी एक अडचण असते, जी श्रोत्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पुढच्या डेस्कपासून आम्ही दहा मीटरवर असलो तर त्यांचा स्वर आमच्यापर्यंत सेकंदाच्या सुमारे तिसाव्या-पस्तिसाव्या भागाइतका उशिरा येतो. ऐकून वाजवायला जाल तर तुम्ही कायम मागे राहाल आणि तुमचा उशिरा निघालेला स्वर श्रोत्यांपर्यंत पोचायलाही अजून वेळ लागेल. म्हणून शेवटच्या डेस्कने कानापेक्षा डोळ्यांवर विसंबायचे असते: कंडक्टरची काठी आणि आपल्या विभागप्रमुखाचा गज. सांगलीत मला शिकवले होते की डोळे मिटून ऐक. इथे डोळे उघडे ठेवूनच ऐकायला शिकावे लागले आणि ही सवय लागायला मला बराच काळ गेला.

एल्गारच्या सिंफनीची गोष्ट वेगळी. ती सुमारे पन्नास मिनिटांची, दोन हार्प आणि ट्रॉम्बोन-ट्यूबासह मोठ्या ताफ्याची रचना. हौशी मंडळींच्या दमाची आणि मंडळाच्या तिजोरीचीही ती परीक्षाच असते. टिंपनी या नगाऱ्यासारख्या वाद्याच्या हलक्या घुमारानंतर व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठे वाद्य) आणि काही काष्ठवाद्ये एक संथ, चालत जाणारी धून घेतात. खाली सेलो आणि बास ही खर्जातली तंतुवाद्ये पावले टाकावीत तसे तुटक स्वर देतात. एल्गारने तिथे ‘नोबिल्मेंते ए सेम्प्लिचे’ अशी सूचना दिली आहे, म्हणजे उदात्तपणे आणि साधेपणाने. ही धून पुढे सबंध सिंफनीत पुन्हा पुन्हा भेटते. मधले दोन भाग तर मी आजवर वाजवलेल्या संगीतातले सर्वांत विलक्षण आहेत. दुसऱ्या भागात आम्ही व्हायोलिनवाले अतिजलद स्वरांच्या झंझावातात धावत असतो. मग हळूहळू तो वेग विरत जातो, स्वर लांबत जातात, एक स्वर धरून ठेवला जातो, आणि त्यातूनच अडाजिओ, म्हणजे संथ तिसरा भाग, सुरू होतो. त्या शांत अडाजिओची पहिली धून म्हणजे त्या झंझावातातलेच स्वर आहेत, त्याच क्रमाने, फक्त संथ. एकाच स्वरवाक्याला द्रुत आणि विलंबित दोन्ही रूपांत पाहण्याची सवय आपल्याला असते, पण दोन रूपांत इतका वेगळा भाव भरलेला मी क्वचितच ऐकला आहे. घरी सरावाला बसले की आधी द्रुत ओळी अडाजिओच्या वेगाने वाजवून पाहायची आणि मग वेग वाढवायचा, असे मी करत असे. त्यामुळे बोटे तर बसलीच, पण त्या धावत्या ओळींत दडलेले गाणेही हाताला लागले.

आणि मग पहिल्या भागाचा शेवट. तिथे ती सुरुवातीची धून परत येते, तेव्हा एल्गारने प्रतीवर लिहिले आहे: फक्त शेवटचे डेस्क. सगळा वाद्यवृंद समोर बसलेला असताना धून पुढच्या नामवंत वादकांना न देता त्याने ती मागे बसणाऱ्यांना दिली. त्याने स्वतः याचे कारण अर्नेस्ट न्यूमन या समीक्षकाला कळवले होते: त्याला मऊ, पसरलेला, नेमका कुठून येतो हे कळू नये असा आवाज हवा होता. एल्गार स्वतः व्हायोलिनवादक होता. त्याने वूस्टरमध्ये व्हायोलिन शिकवले होते आणि वाद्यवृंदांत बसून वाजवलेही होते. मागच्या खुर्चीत बसल्यावर काय ऐकू येते आणि काय ऐकू जाते, याची जाण असल्याशिवाय कुणाला हे सुचणार नाही असे मला वाटते.

या काही ओळींसाठी कंडक्टरने आम्हा शेवटच्या डेस्कवाल्यांना चहाच्या सुट्टीत वेगळे थांबवून घेतले. व्हायोलिन, व्हायोला, सेलो, सगळे कोपऱ्याकोपऱ्यांतून वाजवणारे. एकमेकांपासून लांब, एकमेकांना नीट न दिसणारे. सुरुवातीला प्रत्येकजण सोलो मिळाल्यासारखा मन लावून, थोडा थरथरवत वाजवत होता आणि ते चुकीचे होते. कंडक्टर म्हणाले, थरथर कमी करा, गज सरळ आणि सावकाश ओढा, कुणाचाही आवाज वेगळा ओळखू येता कामा नये. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई पंच्याहत्तरीच्या आहेत आणि त्या वाद्यवृंदात पूर्वीपासून वाजवतात. त्यांनी गज घोडीपासून जरा दूर, पट्टीच्या कडेवर नेला, मीही नेला, आणि आवाज एकदम पिसासारखा हलका झाला.

सोलो वादक शेवटच्या आठवड्यातच आली. ती विशीतली, नुकतेच शिक्षण पूर्ण केलेली मुलगी होती. हॉलमध्ये शिरून तिने कोट खुर्चीवर टाकला, गजाला राळ लावली, सूर जुळवला आणि कंडक्टरला फक्त दोन-तीन जागा दाखवल्या: इथे मी थांबणार, इथे मी पुढे जाणार. त्यानंतर ती वाजवू लागली तेव्हा इतके दिवस रेकॉर्डिंग लावून केलेला आमचा अंदाज मागे पडला, कारण ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित श्वास घेत होती आणि त्या श्वासाबरोबर आमचे पिझिकाटो पडायला हवे होते. मी तिच्या उजव्या कोपराकडे पाहत राहिले. गज दिशा बदलण्याआधी तिचे कोपर क्षणभर वर येई. ती खूण सापडल्यावर कंडक्टरची काठी आणि ते कोपर यांच्यामध्ये स्वर ठेवता येऊ लागला.

कार्यक्रम दगडी, उंच छताच्या एका जुन्या चर्चमध्ये होता. दुपारच्या तालमीत पहिली अडचण घुमाराची निघाली. रिकाम्या चर्चमध्ये शेवटच्या भागाचे द्रुत स्वर एकमेकांत मिसळून जात होते. गज आखूड ठेवा, स्वर लवकर सोडा, अशी सूचना मिळाली. संध्याकाळी माणसांनी बाके भरली, त्यांचे कोट आले, तसा घुमार बराच शोषला गेला. साडेसातला ओबोने सूर दिला आणि सगळ्यांनी वाद्ये मिळवून घेतली.

कन्चेर्टोच्या पहिल्या भागात चायकॉव्स्कीने सोलो वादकाची कॅडेन्झा, म्हणजे त्याने एकट्याने वाजवायचा भाग, नेहमीप्रमाणे शेवटी न ठेवता मध्येच, मूळ धून परतण्याच्या आधी ठेवली आहे. त्या काळात आम्ही सगळे वाद्ये मांडीवर घेऊन बसलेलो असतो. आठवड्याच्या तालमीत ती कॅडेन्झा मी ऐकली होती. पण भरलेल्या चर्चमध्ये तिने ती इतक्या धिमेपणाने, एकेक स्वर जागेवर ठेवत वाजवली की माझ्या शेजारच्या बाईंनी हलकेच मान हलवली. शेवटी तिचा ट्रिल, म्हणजे दोन शेजारच्या स्वरांची जलद आलटापालट, सुरू झाला आणि त्यावर बासरीने मूळ धून उचलली. आमची बासरीवादक दिवसा दवाखान्यात काम करते. त्या क्षणी तिच्या बासरीत जी शांतता होती, ती मला सोलोइतकीच मोठी वाटली.

दुसरा भाग, कांझोनेत्ता. चायकॉव्स्कीने आधी लिहिलेला मधला भाग त्याला पसंत पडला नाही, म्हणून तो बाजूला ठेवून त्याने हा भाग नव्याने लिहिला. सोलो वादक घोडीवर म्यूट, म्हणजे आवाज मंद करणारा छोटा तुकडा, बसवून वाजवते, त्यामुळे आवाज झाकलेला, जणू शेजारच्या खोलीतून येणारा. हा भाग न थांबता थेट तिसऱ्या भागात शिरतो. वाद्यवृंद एकदम गरजतो आणि त्या काही सेकंदांत तिला म्यूट काढून तयार व्हायचे असते. मी लक्ष देऊन पाहिले: गज बोटांत तसाच धरून तिने दोन बोटांनी तो काळा रबरी म्यूट मागे सरकवला, मान न हलवता. मग तिसऱ्या भागात एका ठिकाणी वेग जरा उतरतो, सेलो दोन स्वर एकत्र धरून ठेवतात आणि सोलो व्हायोलिन सर्वांत खर्जाच्या तारेवर रांगडी लोकधून वाजवते. सेलोंचे ते दोन स्वर म्हणजे षड्ज आणि पंचम. रशियन खेड्यातल्या नाचाच्या वाद्यांची ती आठवण आहे, हे मला ठाऊक आहे. तरी माझ्या कानाला तिथे तानपुरा जुळल्याचेच समाधान मिळते. टाळ्या थांबेनात, तेव्हा तिने बाखच्या एकल व्हायोलिनसाठीच्या रचनांमधला एक संथ भाग वाजवला.

मध्यंतरानंतर सिंफनी. पहिल्या भागाचा शेवट आला तेव्हा पुढच्यांनी गज खाली घेतले आणि आम्ही, चर्चच्या भिंतींपाशी बसलेले थोडे लोक, वाजवू लागलो. मला माझा स्वर वेगळा ऐकू येत नव्हता. तालमीत जे मागितले होते ते हेच. अखेरच्या भागाच्या शेवटी तीच धून संपूर्ण वाद्यवृंदाच्या सामर्थ्याने परत येते आणि आम्ही तंतुवाद्यवाले तिच्याभोवती ठोक्याच्या मधल्या जागांवर आदळत राहतो. तिथे मागचे आणि पुढचे असा काही भेद उरत नाही. हातात जेवढी ताकद शिल्लक असेल तेवढी द्यायची असते आणि ती सगळ्यांनी दिली.

श्रोत्यांत माझी एक मैत्रीण आणि कोल्हापूरहून तिच्याकडे राहायला आलेली तिची आई, अशा दोघी होत्या. काकूंनी आयुष्यभर नाट्यसंगीत ऐकले आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंद त्या पहिल्यांदाच समोर बसून ऐकत होत्या. बाहेर पडताना त्यांनी मला विचारले, “अगं, त्या दुसऱ्या मोठ्या गाण्यात एकदा सगळे थांबले आणि तरी ती चाल ऐकू येत होती. कोण वाजवत होतं? मी सगळीकडे बघितलं, मला कुणीच सापडलं नाही.”

मी म्हटले, “काकू, आम्ही. मागच्या रांगेतले.”

“पण मग पुढच्यांना का नाही दिली?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मी त्यांना एल्गारने न्यूमनला कळवलेले कारण सांगितले. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या की पुढच्या वेळी त्या मागच्या बाजूला, आमच्या जवळ बसतील, म्हणजे गज कसा धरता ते दिसेल. मैत्रिणीने तिथल्या तिथे त्यांच्यासाठी आमच्या पुढच्या कार्यक्रमाची तारीख फोनमध्ये लिहून घेतली. त्या कार्यक्रमात चेक संगीतकार ड्वोर्झाकची सातवी सिंफनी आहे आणि तिच्या प्रती परवाच वाटल्या गेल्या.